टेम्प्लेटला कुलूप कुठे आणि किती

वर्ड प्रोसेसरच्या टेम्प्लेटमध्ये दोन तऱ्हेचा मजकूर असतो. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, अटी, ठरावीक वाक्ये, सहीची जागा हा कायमचा मजकूर. नाव, पत्ता, तारीख, रक्कम, विषय हा दर वेळी बदलणारा. कायमचा मजकूर कुणाच्या हातून बदलू नये आणि बदलणारा विनासायास भरता यावा, यासाठी टेम्प्लेटच्या काही भागांपुरते संपादन बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर या दोन्हींमध्ये आहे. सोय जुनी आहे आणि तिच्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तरीही कितीतरी कचेऱ्यांमध्ये मागच्या महिन्याचे पत्र उघडायचे, नाव बदलायचे आणि ‘सेव्ह ॲज’ करायचे, हीच रीत चालू असते. तिचा परिणामही ठरलेला. सोसायटीच्या ना हरकत दाखल्यात पहिल्या ओळीतले नाव बदलते, तिसऱ्या परिच्छेदात जुन्याच सदस्याचे राहते, आणि सही-शिक्का होऊन कागद बँकेत गेल्यावर ते कुणाच्या तरी लक्षात येते.

यातला निम्मा घोटाळा कुलपाशिवायही टळतो. वर्डच्या साध्या दस्तऐवजाची फाइल डॉकएक्स असते, टेम्प्लेटची डॉटएक्स, आणि मॅक्रो असतील तर डॉटएम. रायटरचे टेम्प्लेट ओटीटी. टेम्प्लेटवर डबल क्लिक केले की मूळ फाइल उघडत नाही, तिच्यावरून नवा, अजून नाव न दिलेला दस्तऐवज तयार होतो. मूळ नमुना जागच्या जागी राहतो. त्यातच बदल करायचा असेल तर राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हणावे लागते. सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या टेम्प्लेटवर लिहिण्याची परवानगी एखाद-दुसऱ्यालाच दिली, तर कुणी चुकून त्याच्यावर सेव्ह करण्याचा प्रश्न उरत नाही. उरतो तो नव्याने तयार झालेल्या दस्तऐवजातल्या कायमच्या मजकुराचा. टेम्प्लेटला लावलेले संरक्षण त्याच्यावरून तयार होणाऱ्या प्रत्येक दस्तऐवजात आपोआप उतरते, म्हणून पुढची सगळी मांडणी टेम्प्लेटमध्येच करायची असते.

वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबवर ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ नावाचे बटण आहे. ते दाबले की बाजूला एक पट्टी उघडते. तिच्यात आधी स्वरूपणावरचे निर्बंध, मग संपादनावरचे निर्बंध आणि शेवटी ते लागू करण्याचे बटण असते. संपादनाच्या निर्बंधात चार पर्याय मिळतात: काहीच बदलू न देणे, बदल नोंदवून करू देणे, फक्त शेरे लिहू देणे, आणि फक्त फॉर्म भरू देणे. टेम्प्लेटच्या कामाचे पहिला आणि शेवटचा.

पहिल्या पर्यायात सगळा दस्तऐवज बंद होतो, पण काही जागा अपवाद म्हणून मोकळ्या ठेवता येतात. हव्या त्या ओळी कंट्रोल दाबून एकेक निवडायच्या आणि अपवादांच्या यादीत ‘एव्हरीवन’ समोर खूण करायची. निर्बंध लागू झाला की या जागा चौकटी कंसांत, फिकट पिवळ्या दिसतात आणि पट्टीवरच्या बटणाने एका मोकळ्या जागेवरून दुसरीवर उडी मारता येते. इतिवृत्त किंवा अहवाल यांसारख्या, मोठे मोठे परिच्छेद लिहायच्या टेम्प्लेटला हा पर्याय चांगला बसतो. दाखल्याला मात्र तो कच्चा पडतो. मोकळ्या जागेत काय लिहावे यावर त्याचा काही ताबा नसतो. तारखेच्या जागी कुणी नाव लिहिले तरी वर्डची हरकत नसते.

तिथे फॉर्मचा पर्याय लागतो. यात फक्त भरण्याच्या ठरवलेल्या चौकटी चालू राहतात, टॅब दाबला की कर्सर एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जातो. बाकी मजकुरावर कर्सर टेकतच नाही. हेडर-फूटरमध्ये शिरता येत नाही, म्हणून लेटरहेड तिथे ठेवले की तेही आपोआप सुरक्षित. किंमत अशी, की रिबनवरच्या बऱ्याच आज्ञा राखाडी पडतात आणि तक्त्यात नवी ओळ घालता येत नाही. ज्या पत्रात मधेच मोकळा मजकूर किंवा वाढता तक्ता येतो, तिथे त्याच्या आधी आणि नंतर ‘कंटिन्युअस’ जातीचा सेक्शन ब्रेक टाकावा. मग पट्टीवर ‘सिलेक्ट सेक्शन्स’ ही ओळ दिसू लागते आणि त्या मधल्या भागावरची खूण काढली की तो भाग मोकळा राहतो, वरचे-खालचे बंद. पट्टीवरची ही बारीक अक्षरातली ओळ सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. ‘फॉर्म केला की काहीच लिहिता येत नाही’ ही तक्रार बहुतेक तिच्यापायीच होते.

भरण्याच्या चौकटी आता ‘कंटेंट कंट्रोल’ या नावाने मिळतात. त्या वर्ड 2007 मध्ये आल्या. त्याआधीचे फॉर्म फील्डही अजून चालतात, पण नवे टेम्प्लेट त्यांच्यावर बांधण्यात अर्थ नाही. दोन्हींसाठी डेव्हलपर टॅब लागतो. तो मुळात लपवलेला असतो, ऑप्शन्समधून रिबनच्या यादीत खूण करून आणावा लागतो. साधा मजकूर, चित्र, तारीख, पर्यायांची यादी, टिकमार्क अशा जातीच्या चौकटी तिथे आहेत. प्रत्येक चौकटीच्या गुणधर्मांत दोन खुणा असतात: चौकट पुसता येऊ नये, आणि आतला मजकूर बदलता येऊ नये. नावाच्या चौकटीला पहिली खूण करावी. उलट, एखादी अट जशीच्या तशी ठेवायची असेल तर तो परिच्छेदच चौकटीत घालून दोन्ही खुणा कराव्यात. मग बाकी दस्तऐवज पूर्ण मोकळा असला तरी तेवढा परिच्छेद हलत नाही. अनेक परिच्छेद आणि त्यांतल्या चौकटी एकत्र निवडून ‘ग्रुप’ केले, तरी हेच घडते: चौकटी भरता येतात, भोवतीचा मजकूर बदलता येत नाही, आणि ग्रुपच्या बाहेरचे पान खुले राहते. ग्रुपला पासवर्ड नसतो. कचेरीतल्या कचेरीत फिरणाऱ्या टेम्प्लेटला तो नसलेलाच बरा.

दाखल्यातल्या तिसऱ्या परिच्छेदातल्या जुन्या नावावरचा उपायही इथेच आहे. इन्सर्ट टॅबवरच्या ‘क्विक पार्ट्स’मध्ये ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ अशी यादी मिळते: टायटल, सब्जेक्ट, कंपनी वगैरे. त्यातले कोणतेही निवडले की एक चौकट उमटते, आणि तीच चौकट दस्तऐवजात चार ठिकाणी ठेवली तर एकीत लिहिलेले बाकी तिन्हींत तत्क्षणी येते. सदस्याच्या नावासाठी ‘सब्जेक्ट’ची चौकट वापरून तिचे शीर्षक ‘सदस्याचे नाव’ असे केले की काम झाले. नाव एकदाच लिहायचे, चूक झालीच तर सगळीकडे एकसारखी होते आणि वाचताना लगेच दिसते. टेम्प्लेट करणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची म्हटली, तर कुलपाआधी ही शिकावी.

मराठी टेम्प्लेटला आणखी एक अडचण येते. तिच्यावर वर्डकडे उपाय नाही, तो लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नावाला चिकटतो आणि नावाचे रूप बदलतो. कुलूपबंद वाक्यात ‘मु. पो. ____ चे रहिवासी’ असे ठेवले आणि चौकटीत ‘पुणे’ भरले, की ‘पुणे चे रहिवासी’ असा कागद बाहेर पडतो. भरणारा ‘पुण्याचे’ करू पाहतो, पण ‘चे’ कुलपात अडकलेले असते. म्हणून कायमचे वाक्यच असे रचावे की चौकटीतला शब्द मूळ रूपात राहील: गावानंतर ‘येथील’, नावानंतर ‘यांनी’, ‘यांचे’, ‘यांना’. लिंगाचेही तसेच. ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ यांची निवड यादीच्या चौकटीने करता येते, पण पुढे ‘हे आमच्या संस्थेचे जुने सदस्य आहेत’ असे बंद वाक्य असेल तर श्रीमतींना ते लागू होत नाही. ‘यांचे नाव संस्थेच्या सदस्य नोंदवहीत आहे’ असे लिहिले की दोघांनाही चालते. सरकारी पत्रांच्या भाषेत ‘यांनी’, ‘यांस’, ‘येथील’ यांची जी रेलचेल दिसते, ती छापील फॉर्मवर टाक चालवणाऱ्यांनी याच गरजेपोटी जोपासली असावी. त्या भाषेची थट्टा पुष्कळ होते. कुलूपबंद टेम्प्लेटमध्ये तिच्याशिवाय चालत नाही.

स्वरूपणाचे कुलूप वेगळे. ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’च्या पहिल्या भागात ठरावीक स्टाइल्सखेरीज काहीही वापरता येणार नाही असे ठरवता येते. मग ठळक, लाल, अठरा पॉइंट असे हौशी फेरफार बंद होतात. देवनागरीपुरती एक खबरदारी घ्यावी लागते. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फाँट, आकार, ठळकपणा वेगळ्या रकान्यात ठेवतो. स्टाइलमध्ये फक्त लॅटिनचा फाँट ठरवला तर मराठी मजकूर त्याला जुमानत नाही. इंग्रजी नाव एका आकारात आणि शेजारची मराठी ओळ दुसऱ्याच फाँटात दिसते. दोन्ही रकाने भरूनच स्टाइल पक्की करावी. आणि नाव-पत्त्यासाठी साध्या मजकुराचीच चौकट घ्यावी. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेला मजकूर तिच्यात शिरताना आपले रंगरूप बाहेर टाकून येतो.

लिब्रेऑफिस रायटरची वाट उलट्या दिशेने जाते. तिथे सगळे पान खुले धरून हवा तो भाग बंद केला जातो. कायमचा मजकूर निवडून ‘इन्सर्ट’मधून ‘सेक्शन’ घ्यायचा आणि ‘प्रोटेक्टेड’वर खूण करायची, हवा तर पासवर्ड द्यायचा. तक्त्यातले रकाने वेगळे बंद करता येतात, म्हणजे शीर्षकाची ओळ पक्की आणि खालच्या ओळी मोकळ्या. कायमचा मजकूर थोडा आणि मोकळा जास्त असेल तर ही पद्धत वर्डपेक्षा सरळ वाटते. कंटेंट कंट्रोलही रायटरमध्ये 7.4 या आवृत्तीपासून, म्हणजे 2022 पासून आहेत. मात्र एकाच टेम्प्लेटवर काही जण वर्डमध्ये आणि काही रायटरमध्ये काम करणार असतील, तर ते दोन्हींत उघडून, भरून, सेव्ह करून पाहिल्याशिवाय वाटू नये. फाइल एकीकडून दुसरीकडे जाताना सगळी कुलपे जशीच्या तशी पोहोचतीलच असे नाही.

या कुलपांची ताकद किती, याबद्दल गैरसमज मोठा आहे. संपादनाचा निर्बंध लावताना वर्ड पासवर्ड विचारतो आणि त्याच खिडकीत सांगतो की दस्तऐवज सांकेतिक केलेला नाही, वाईट हेतूचा माणूस पासवर्ड काढून टाकू शकतो. ती ओळ कुणी वाचत नाही. डॉकएक्स ही मुळात एक झिप फाइल असते, तिच्या आतल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये संरक्षणाची एक नोंद असते आणि ती नोंद गेली की संरक्षणही गेले. गंमत अशी की त्या नोंदीत पासवर्ड हजारो वेळा घोटून, ओळखू येणार नाही अशा रूपात ठेवलेला असतो. पण नोंदच पुसणाऱ्याला तो ओळखावाच लागत नाही. याहून सोपी वाट म्हणजे नव्या कोऱ्या फाइलमध्ये ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ने सगळा मजकूर आत ओढणे. बंद भागांचे हे कुंपण गुरेढोरे आवरते, चोर नाही.

तेव्हा मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर संपादनाचा निर्बंध कामाचा नाही, फाइल उघडण्यालाच पासवर्ड लावणारी ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ ही सोय वापरावी. बाहेर गेलेला कागद कुणी बदलला का हे कळायला हवे असेल, तर भरून झालेल्या दस्तऐवजाची पीडीएफ करून तिच्यावर डिजिटल सही करावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अशा सहीला मान्यता देतो, आणि सहीनंतर केलेला बदल तपासणीत उघडा पडतो. टेम्प्लेटमधले कुलूप प्रामाणिक माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीसाठी असते. तेवढे काम ते चोख करते.

म्हणूनच त्याचा अतिरेक अंगाशी येतो. एखाद्या सदस्याचे नाव चौकटीत मावत नाही, सहीला सचिवाऐवजी खजिनदार बसायचे असतात, एक वाक्य जास्तीचे लिहायचे असते, आणि सगळे पान बंद. मग कारकून मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये टाकतो आणि पुढची पाच वर्षे तीच बेवारस फाइल कचेरीत फिरते. तिच्यात ना स्टाइल असते ना चौकट. कायदेशीर अटी, नोंदणी क्रमांक आणि लेटरहेड एवढेच बंद असावे. पत्राच्या शेवटी दोन-तीन मोकळ्या ओळींचा एक खुला भाग ठेवावा. पासवर्ड घालायचाच असेल तर तो एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता कचेरीच्या नोंदवहीत लिहावा, आणि कुलूप नसलेली मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जपावी. टेम्प्लेट सगळ्यांना देण्यापूर्वी कचेरीतल्या सगळ्यात नव्या माणसाला न सांगता-शिकवता एकदा भरायला द्यावे. तो जिथे अडतो, तिथले कुलूप काढून टाकावे.