मनगट हलले म्हणून माणूस सुटत नाही

निर्णय मेंदू आधीच घेतो, माणसाला तो नंतर कळतो. म्हणून गुन्हेगाराला दोष देणे ही निव्वळ सूडबुद्धी होय, असे एका विद्वानांनी नुकतेच व्याख्यानात ठासून सांगितले. शिक्षा नको, साथीच्या रोग्यासारखे वेगळे ठेवा, हा त्यांचा तोडगा. पुरावा काय, तर बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग.

तो प्रयोग काय होता? मनात येईल तेव्हा बोट किंवा मनगट हलवायचे आणि इच्छा जाणवली त्या क्षणी घड्याळातला ठिपका कुठे होता ते सांगायचे. मेंदूतली विद्युत्-हालचाल कृतीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली. इच्छेची जाणीव मात्र जेमतेम पाव सेकंद आधीची. एवढ्याशा फटीत विद्वानांनी माणसाची सगळी जबाबदारी बुडवली! पण मनगट आत्ता हलवले काय नि घटकाभराने हलवले काय, त्याला कारण लागतेच कुठे? साक्ष फिरवायची का, बापाचा व्हेंटिलेटर काढायचा का, हे प्रश्न माणूस रात्र रात्र उलटसुलट करतो. शिवाय प्रयोगात भाग घ्यायचा, सूचना पाळायच्या, हे त्या मंडळींनी आधीच ठरवले होते. तो निर्णय कोणत्या आलेखात आहे? २०१२ मध्ये काही संशोधकांनी दाखवले की कृतीआधीच्या विद्युत्-हालचालीची ती चढती रेघ मेंदूतल्या आपोआप होणाऱ्या चढउतारांतूनही उमटू शकते. २०१९ च्या एका प्रयोगात लोकांना संस्थांसाठी देणगीची निवड करायला लावली. निवडीने काहीच फरक पडणार नव्हता तेव्हा ती रेघ दिसली. निवड खरोखर महत्त्वाची होती तेव्हा दिसली नाही. आणि खुद्द लिबेट यांनी इच्छा शेवटच्या क्षणी रोखण्याची मुभा माणसाकडे ठेवलीच होती. व्याख्यानात हे का आले नाही?

विलगीकरणाचे म्हणाल, तर दोष लागतच नसेल तर गुन्हा घडण्याआधीच कोंडायला काय हरकत? आणि कोणालाच निवड नसेल, तर न्यायाधीशांनी तरी शिक्षा सोडून विलगीकरणाकडे वळावे कसे?

हा वाद जुनाच आहे. पूर्वी दीनदुबळ्याला सांगत, तुझे प्राक्तन. अन्याय करणारा मात्र नामानिराळा. आज प्राक्तनाच्या जागी मेंदू बसवला, सोय तीच राहिली.

मग स्वातंत्र्य म्हणजे काय? कार्यकारणाच्या साखळीबाहेर उडी मारणे नव्हे. कारणे समजून घेऊन त्यांप्रमाणे स्वतःला वळवण्याची कुवत. ही कुवत कमीजास्त असते, म्हणूनच १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाला आणि आपण काय करतो हे मनोविकारामुळे न कळणाऱ्याला गुन्ह्यातून वगळले. व्यसनाधीनाची कुवत खचलेली असते. त्याला उपचार द्यावेत, ती परत यावी म्हणून. ज्याची शाबूत आहे त्याला मात्र जाब विचारलाच पाहिजे. जाब विचारणे म्हणजे त्याला माणूस मानणे. त्याला नुसता बिघाड समजणे, ही दया नव्हे, अवहेलना आहे.