बाळगणे हाच गुन्हा?

मेळघाटात मोह गळू लागला की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू स्त्रिया भल्या पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेले फूल पोटाला आणि बाजाराला उपयोगी पडते. त्याची दारूही गाळली जाते. अकोल्याच्या बाजारात कल्हई करणारा कारागीर नवसागर बाळगतो. काळा गूळ गुरांना चारला जातो. छाप्याच्या पंचनाम्यात मात्र मोहफुले, नवसागर आणि काळा गूळ हे हातभट्टीचा कच्चा माल म्हणून एकाच ओळीत बसतात.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू गाळण्यासाठी साहित्य बाळगणे हा गुन्हा ठरविला. हेतूची अट त्यात आहे. परंतु याच कायद्याच्या कलम १०३ ने ती दुबळी केली आहे. बाळगलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा आरोपीला करता आला नाही, तर गुन्हा घडला असे गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही हाच विचार आहे. १९८९ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांसाठी लागणारी रसायनेही त्याच्या कक्षेत आली; त्यांच्याविषयीचे आदेश मोडल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

प्रश्न असा की, समाधानकारक खुलासा कोण करू शकतो? कारखानदाराकडे परवाना असतो, साठ्याची नोंदवही असते, वकील असतो. २०१६ साली सोलापूरच्या औषध कारखान्यातील टनावारी इफेड्रिन ठाणे पोलिसांनी पकडले. सर्दी-दम्याच्या औषधांचे हे द्रव्य मेथच्या निर्मितीतही वापरले जाते. परवाने आणि नोंदवह्या असलेल्या ठिकाणीच माल टनांनी साठतो. कोरकू बाईजवळ पावती नसते आणि न्यायालयाची भाषाही तिची नसते. कायद्याचे शब्द दोघांना सारखे. त्यांचे ओझे सारखे नाही.

यावर कोणी विचारील की, विष तयार होईपर्यंत पोलिसांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर श्रमिकांचे बळी घेतले. व्यसनाने उजाड झालेल्या घरांचे दुःख आम्ही जाणतो. परंतु मालवणीत माणसे मेली ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉल मोहाच्या झाडाला लागत नाही. ते कारखाने आणि गोदामांच्या साखळीतून येते. पहारा हवा तो त्या साखळीवर.

२०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. फूल जवळ असणे म्हणजे गुन्हा नव्हे, याचीच ही उशिरा दिलेली कबुली होय. तोच न्याय पुढे न्यावा. घरगुती वापराच्या आणि किरकोळ विक्रीच्या प्रमाणात गृहीतकाचा आधार सरकारने घेऊ नये. हेतू सरकार पक्षानेच सिद्ध करावा. रसायनांचा मोठा साठा करणाऱ्यांची नोंद कडक असावी आणि जबाबदारी मालकापर्यंत पोहोचावी. हमाल आणि वाहनचालक यांच्यापाशी तपास थांबू नये.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी छाप्यांचे पंचनामे वाचावेत, जप्त मालाचे वजन पाहावे आणि आरोपीचा व्यवसाय विचारावा. कायदा कोणाच्या दारापर्यंत जातो आणि कोणाच्या फाटकापाशी थांबतो, हे त्या कागदांवरूनच कळेल.