विश्लेषण : ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ व्हायचे तर प्रशिक्षणावर किती खर्च करावा?

‘घरबसल्या महिना पन्नास हजार कमवा, आज रात्री बारापर्यंत फी निम्मी’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या अनेक घरांत मुले शाळेत गेल्यावर हाती तीन-चार तास उरतात. संगणक येतो, थोडेफार इंग्रजी येते, पण पूर्णवेळ नोकरी शक्य नसते. अशा वेळी ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ हा व्यवसाय खुणावतो. अडचण कामाची नाही, त्याआधी विकल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाची आहे. काही शिक्षण फुकट मिळते, तर काहींची फी काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. यातले काय घ्यावे, किती खर्च करावा आणि पैसे अडकले तर दाद कुठे मागावी, याविषयी…

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे नेमके काय?

डॉक्टर, वकील, सीए, दुकानदार किंवा परदेशातला छोटा उद्योजक यांना ऑफिसात पूर्णवेळ सहायक ठेवणे परवडत नाही. त्यांची ई-मेल पाहणे, भेटीच्या वेळा ठरवणे, बिले पाठवणे, थकबाकीची आठवण करून देणे, प्रवासाची तिकिटे काढणे, ऑनलाइन दुकानात मालाची यादी भरणे, समाजमाध्यमांवर पोस्ट टाकणे अशी कामे दुसरी व्यक्ती आपल्या घरून करते. ती व्यक्ती म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट. ती नोकर नसते, सेवा विकणारी स्वतंत्र व्यावसायिक असते. पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, ठरलेला पगार यातले काहीच तिला मिळत नाही. काम मिळवणे, दर ठरवणे आणि पैसे वसूल करणे हीदेखील तिचीच जबाबदारी असते. प्रशिक्षणाच्या जाहिरातीत हा भाग सहसा दिसत नाही.

या भागाला घरबसल्या उद्योग नवा आहे का?

अजिबात नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवत. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक घरे बायकांच्या अशाच कमाईवर तगली.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बायकांना पापड लाटता येत होते, स्वयंपाक येत होता. कमी होती ती भांडवलाची, बाजारपेठेची आणि संघटनेची. आज व्हर्च्युअल असिस्टंट होऊ पाहणाऱ्यांची स्थितीही बरीचशी तशीच आहे. निम्मी कौशल्ये हाताशी असतात, उरलेली फुकट शिकता येतात. खरी गरज असते पहिल्या ग्राहकाची. त्यामुळे प्रशिक्षण पारखताना पहिला प्रश्न ‘किती व्हिडीओ मिळणार’ हा नसावा. ‘यातून मी पहिल्या ग्राहकाच्या किती जवळ जाणार’ हा असावा.

नेमके काय शिकावे लागते?

कौशल्यांचे तीन थर करता येतात. पहिला थर पायाचा : वेगाने व बिनचूक टंकलेखन, स्प्रेडशीट, शुद्ध आणि थोडक्यात ई-मेल लिहिणे, ऑनलाइन कॅलेंडर, व्हिडीओ बैठक. दुसरा थर सेवेचा : हिशेबाची नोंद, समाजमाध्यमे, ऑनलाइन दुकानाची देखभाल, ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे, मराठी-इंग्रजी भाषांतर यांपैकी एक किंवा दोन. सगळे थोडे-थोडे येणाऱ्यापेक्षा एक काम चोख करणाऱ्याला दर चांगला मिळतो.

तिसरा थर व्यवसायाचा : दर ठरवणे, लेखी करार, बिल, वेळेची नोंद आणि गोपनीयता. ग्राहकाचे पासवर्ड, रुग्णांची नावे, बँकेचे तपशील हाती येतात तेव्हा ही बाब गंभीर होते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. ज्या वर्गाच्या अभ्यासक्रमात गोपनीयतेचा धडाच नाही, तो वर्ग व्यवसाय शिकवत नाही असे समजावे.

कमी खर्चात हे कुठे मिळते?

पहिल्या थरासाठी मोठी फी भरण्याचे काहीच कारण नाही. संगणकाची ओळख नसेल तर २००१ पासून सुरू असलेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आहे, त्याची केंद्रे जवळपास प्रत्येक उपनगरात व पेठेत आहेत. टंकलेखनासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा मराठी, हिंदी व इंग्रजीत देता येते. एकेकाळी टायपिंग-शॉर्टहँडचे प्रमाणपत्र ही मध्यमवर्गीय मुलींच्या ऑफिसातल्या नोकरीची पहिली पायरी होती. तिचाच हा आजचा अवतार.

दुसऱ्या थरासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर विद्यापीठांचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ हे सरकारी व्यासपीठही आहे. गुगलचे ‘स्किलशॉप’, ‘मायक्रोसॉफ्ट लर्न’, ‘हबस्पॉट अकॅडमी’ येथे जाहिरात, ई-मेल विपणन, ग्राहकसेवा यांचे धडे मोफत आहेत. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या घटकांतील तरुणांसाठी वेळोवेळी मोफत कौशल्य प्रशिक्षणाचे अर्ज मागवतात. त्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवलेली बरी.

घरात बसून शिकायला जागा नसणे ही या भागातली खरी अडचण. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे टीव्ही, अभ्यास आणि स्वयंपाक एकाच वेळी चालतो. वाचनालये व अभ्यासिकांचा दादर-गिरगावला मोठा वारसा आहे. ऐकण्याचे धडे हेडफोन लावून घरी आणि लिहिण्याचा सराव अभ्यासिकेत, अशी विभागणी करता येते.

मग पैसे भरून शिकूच नये का?

तसे नाही. तिसरा थर, म्हणजे व्यवसाय चालवणे, व्हिडीओ पाहून येत नाही. कोणीतरी तुमचे काम तपासावे, ई-मेलमधली चूक दाखवावी, दर मागताना कचरू नये हे शिकवावे, यासाठी पैसे मोजणे योग्य ठरू शकते. पण ते शेवटी आणि मोजून.

हिशेब साधा आहे. समजा, वर्गाची फी ३० हजार रुपये आहे. संस्था जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांनी ५,४०० रुपये वाढतात, एकूण ३५,४०० रुपये. सुरुवातीचा दर तासाला २५० रुपये धरला आणि काम ‘फाइव्हर’सारख्या व्यासपीठावरून आले, तर २० टक्के कमिशन जाऊन हाती २०० रुपये येतात. म्हणजे नुसती फी वसूल व्हायला १७७ तासांचे काम लागेल. रोज दोन तास काम मिळाले तरी हे जवळपास तीन महिने झाले, तेही सुट्टी न घेता. यात इंटरनेट, वीज आणि लॅपटॉपचा खर्च धरलेलाच नाही. पहिल्या महिन्यात काम मिळालेच नाही तर हा काळ आणखी लांबतो.

म्हणून एक नियम उपयोगी पडतो : पहिला रुपया मिळेपर्यंत मोफत शिक्षण, आणि त्यानंतरचे शिक्षण आलेल्या कमाईतून. मंगळसूत्र गहाण ठेवून किंवा मुलांच्या फीचे पैसे वळवून घ्यावा असा एकही वर्ग या व्यवसायात नाही.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

शिकवणारी व्यक्ती आज स्वतः हे काम करते का, की तिची कमाई केवळ वर्ग विकण्यातून आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा, माझे काम प्रत्यक्ष कोण तपासणार आणि किती वेळा? तिसरा, एका तुकडीत किती जण? चौथा, मागच्या तुकडीतल्या दोन-तीन जणींशी थेट बोलता येईल का? निवडक स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. पाचवा, फी परत मिळण्याची अट लेखी आहे का आणि तिची मुदत किती? सहावा, पावती संस्थेच्या नावाने मिळणार का? पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे कोणाच्या तरी खासगी यूपीआय खात्यावर मागितले जात असतील तर तिथेच थांबावे.

‘काम मिळण्याची शंभर टक्के हमी’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. स्वतंत्र व्यवसायात अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ ही घाई विचार करू न देण्यासाठी असते. तीच सवलत पुढच्या आठवड्यातही दिसते का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी वेगळे शुल्क मागणे हेही लक्षण चांगले नव्हे.

हप्त्याने फी भरणे सोयीचे नाही का?

‘महिना फक्त तीन हजार’ असे सांगितले जाते तेव्हा तो बहुधा शुल्काचा हप्ता नसतो, वित्तसंस्थेचे कर्ज असते. पैसे वर्गाला एकरकमी मिळतात आणि हप्ता विद्यार्थ्याच्या नावावर राहतो. वर्ग आवडला नाही, बंद पडला, तरी हप्ता सुरूच. चुकला तर पुढच्या गृहकर्जाच्या वेळी तो आडवा येतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांसाठीच्या नियमांनुसार कर्जाचा एकूण वार्षिक खर्च सांगणारे पत्रक द्यावे लागते. विचार बदलल्यास दंड न भरता कर्ज फेडून बाहेर पडण्याची ठरावीक मुदतही असते. ती मुदत किती, हे ओटीपी सांगण्याआधी विचारावे. नंतर नव्हे.

फसवणूक झाल्यास दाद कुठे मागावी?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गांना यशाची वा नोकरीची खोटी हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. तक्रारीची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. वर्ग दिल्लीचा वा बंगळूरुचा असला तरी लालबागच्या रहिवाशाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. नोंदणी शुल्क घेऊन पसार होणारी ‘घरबसल्या काम’ टोळी असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. सुरुवातीच्या तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. जाहिरात, संभाषण आणि पावती यांचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.

पहिला ग्राहक परदेशातच शोधायचा का?

बहुतेक वर्ग डॉलरचे स्वप्न दाखवतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. म्हणजे तिथल्या ऑफिसची सकाळ ही इथली संध्याकाळ, आणि दुपार ही मध्यरात्र. एका खोलीच्या घरात रात्री बारा वाजता व्हिडीओ बैठक कशी घ्यायची, याचे उत्तर आधी हवे. लंडनचे अंतर साडेचार ते साडेपाच तासांचे, ते तुलनेने झेपते.

पण ग्राहक जिन्याखालीही असू शकतो. दादरच्या साडी दुकानांना व्हॉट्सॲपवरच्या चौकशांना उत्तर देणारे कोणी हवे असते. लालबागच्या मसाला गल्लीत मे महिन्यात ऑर्डरी सांभाळताना दमछाक होते. परळच्या रुग्णालयांभोवतीच्या खासगी दवाखान्यांत भेटीच्या वेळांचा गोंधळ रोजचा. दिवाळीत दादर-गिरगावातून परदेशी जाणाऱ्या फराळाच्या पेट्यांचे पत्ते, वजन, पैसे यांची यादी कोणाला तरी करावीच लागते. मराठीत सुरेख बोलणे-लिहिणे हे इथे भांडवल आहे. दर कमी मिळेल, पण तीन महिन्यांचा अनुभव आणि एक खरे शिफारसपत्र मिळेल. परदेशी ग्राहक वर्गाच्या प्रमाणपत्राऐवजी हेच विचारतो.

एआयमुळे हे काम संपणार का?

नुसती विदा भरणे, ठरावीक ई-मेल लिहिणे, बैठकीचे टिपण काढणे ही कामे चॅटजीपीटीसारखी साधने काही सेकंदांत करतात. केवळ एवढेच शिकवणारा वर्ग स्वस्त असला तरी महागच पडेल. टिकेल ते काम विश्वासाचे आणि निर्णयाचे : कोणता फोन आधी लावायचा, रागावलेल्या ग्राहकाला काय सांगायचे, बिलातली चूक कोणाच्या लक्षात आणून द्यायची. एआयची साधने वापरून वेळ वाचवणे आणि त्यांनी लिहिलेले तपासणे हे आता पायाच्या थरात मोडते.

या व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी सरकारनेही काही करण्याजोगे आहे. बचत गटांना शिलाई आणि मसाल्यापलीकडचे, संगणकावरच्या सेवांचे प्रशिक्षण देणे आणि महापालिकेच्या रिकाम्या शाळा-वर्गांत संध्याकाळी इंटरनेटसह बसायला जागा देणे, यात अशक्य काही नाही. तोवर मात्र आपली गाठ आपणच जपायला हवी. आधी एक महिना मोफत शिकावे, मग ओळखीतल्या एका दुकानाचे वा दवाखान्याचे काम थोड्या मोबदल्यात करून पाहावे आणि काय येत नाही ते त्या कामातून कळू द्यावे. ज्या गोष्टीसाठी अडले, तेवढीच विकत घ्यावी.