बॅटरी उपाशी नको, ठासून भरलेलीही नको

मार्च संपत आला, की जपानमधली आपली मराठी मंडळी कपाटातले कॅमेरे बाहेर काढतात. साकुरा फुलतो, फोटोंचा धडाका सुरू होतो. बहर ओसरला की कॅमेरा पुन्हा कपाटात, तो थेट दिवाळीला किंवा भारतवारीलाच बाहेर येतो. मग ठरलेली तक्रार ऐकू येते, "अहो, फारसा वापरलाच नाही, तरी बॅटरी कशी गेली?"

माझं मत विचाराल तर बॅटऱ्या वापरून कमी आणि चुकीच्या पद्धतीनं ठेवून जास्त मरतात.

"पूर्ण उतरू द्यायची, मगच फुल चार्ज करायची" हा सल्ला अजूनही दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला. आजच्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन असते आणि तिला हा सल्ला मारक आहे. ही बॅटरी इथलीच म्हणायची. असाही कासेई कंपनीच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये तिचं आजच्या जवळचं रूप घडवलं, १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये योशिनोंना आणखी दोघा शास्त्रज्ञांसोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिचं गणित सोपं आहे. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये सुमारे ४.२ व्होल्ट असतात. या ताणाखाली आतली रसायनं हळूहळू खराब होत राहतात आणि उकाड्यात हा वेग वाढतो. उलट, पूर्ण रिकामी ठेवली तर ती आपोआप आणखी उतरते आणि एका मर्यादेनंतर चार्जरही तिला दाद देत नाही.

म्हणून महिनोन् महिने कॅमेरा लागणार नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा, कॅमेऱ्यातून काढा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. सहा महिन्यांनी एकदा बघा. फुल चार्ज फोटो काढायच्या आदल्या रात्री करा. ऑगस्टमध्ये बंद गाडीत कॅमेरा सोडू नका. होक्काइदोच्या बर्फात बॅटरी लवकर उतरल्यासारखी वाटते, पण तेवढ्यानं ती बाद होत नाही. जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. मात्र शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका, त्यानं कायमचं नुकसान होतं.

तरीही सगळा भार ग्राहकावरच का? फोन आणि लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आली आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत आणि त्यांच्या चार्जरमध्ये ती अजून नाही. हे काही रॉकेट सायन्स नव्हे! कॅमेरा कंपन्यांनी ती द्यायलाच हवी. जुन्या मॉडेलची बॅटरी बनणं बंद झालं, की धडधाकट कॅमेराही शोभेची वस्तू होतो.

आणि बॅटरी खरोखर संपलीच, तर घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दबून ती पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या पुनर्वापराच्या डब्यात टाका. फुगलेली असेल तर तिथेही नको, आधी आपल्या नगरपालिकेला विचारा. जपानमध्ये ही व्यवस्था हाताशी आहे, ती वापरायला आळस कशाला?