ताठ कणा आणि ताठर मन

मराठी भाषेने शरीर आणि मन यांच्यात फारसा भेद मानलेला नाही. धीर सुटला की माणसाचे हातपाय गळतात, निश्चय केला की तो कंबर कसतो, स्वाभिमानी मनुष्य ताठ मानेने जगतो आणि लाजिरवाणे कृत्य करणाऱ्यावर मान खाली घालण्याची वेळ येते. 'बैठक' हा शब्द तर बसण्याच्या रीतीलाही चालतो आणि विचारांच्या अधिष्ठानालाही. मनाची अवस्था शरीरावर उमटते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. खरा प्रश्न उलट दिशेचा आहे. शरीराची ठेवण बदलली, तर मन बदलते काय?

पाश्चात्त्य मानसशास्त्रात हा प्रश्न १८८४ साली विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने ऐरणीवर आणला. भीती वाटते म्हणून शरीर थरथरते, हा सर्वसाधारण समज त्याने उलटा केला. शरीरात जे घडते त्याची जाणीव म्हणजेच भावना, असे त्याचे प्रतिपादन होते. भारतीय परंपरेत या संबंधाचा विचार त्याहून कितीतरी आधी झालेला आढळतो. चित्तविक्षेपाची सोबत करणाऱ्या लक्षणांत पतंजलींनी दुःख आणि खिन्नता यांच्या जोडीला अंगाचे कंपन आणि श्वासोच्छ्वासाची विषमताही मोजली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्या साधकाने धड, मस्तक आणि मान सरळ व स्थिर ठेवावी, असे सांगितले आहे.

मात्र आपल्याकडे हे पूर्वीच सांगितले होते, एवढ्यावर समाधान मानून थांबणे योग्य नव्हे. या विषयात आधुनिक संशोधनाची जी फटफजिती झाली, ती उद्बोधक आहे. २०१० साली अमेरिकेतील डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी ४२ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन मिनिटे ऐसपैस, सत्ताधाऱ्यासारखी देहस्थिती धारण केली की आत्मविश्वास तर वाढतोच, शिवाय ताणाचे संप्रेरक घटते, वर्चस्वाशी जोडलेले संप्रेरक वाढते आणि माणूस अधिक धाडसी निर्णय घेतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कडी यांच्या २०१२ मधील भाषणाने ही कल्पना जगभर पोहोचली आणि मुलाखतीपूर्वी कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची टूम निघाली. पुढे २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत काहीच फरक आढळला नाही आणि निर्णयांतही नाही. बळ आल्याची भावना तेवढी वाढलेली दिसली. २०१६ साली खुद्द कार्नी यांनी, हे परिणाम खरे आहेत असे आपल्याला आता वाटत नाही, असे जाहीर केले.

मग या शोधातून काहीच हाती लागले नाही काय? तसेही नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ७४ जणांच्या पाठीला पट्ट्या लावून काहींना ताठ तर काहींना पोक काढून बसवण्यात आले आणि त्याच स्थितीत त्यांना भाषण करायला लावण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ताठ बसलेल्यांनी कमी भीती आणि अधिक उत्साह नोंदवला, तर वाकून बसलेल्यांच्या बोलण्यात नकारात्मक भावनांचे शब्द अधिक आले. २०२२ साली अशा शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. देहस्थितीचा स्वतःविषयीच्या भावनेवर परिणाम होतो, संप्रेरकांवर मात्र होत असल्याचे दिसत नाही, असे त्यातून समोर आले. थोडक्यात, परिणाम खरा आहे, परंतु माफक आहे. जाहिरातीने त्याचा पर्वत केला होता.

योगाविषयी बोलणाऱ्यांनी हा धडा गिरवण्यासारखा आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु अमुक आसनाने तमुक रोग मुळासकट जातो, असे दावे त्या उत्साहात सर्रास केले जातात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हा योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचा आग्रह धरला आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून ते प्रसिद्ध केले. श्रद्धा होती म्हणून त्यांनी तपासणी टाळली नाही. परंपरेचा गौरव करण्याची तीच खरी रीत होय.

आणखी एक भेद ध्यानात घ्यायला हवा. ताठ असणे वेगळे आणि ताठर असणे वेगळे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्याच्या जोडीला सुख ठेवले आहे. आपल्या शाळांनी मात्र यातले स्थैर्य तेवढे उचलले. 'हाताची घडी, तोंडावर बोट' या आज्ञेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या मुलांची पाठ सरळ असे, पण मन आक्रसलेले असे. धाकाने आलेली सरळ पाठ धाक संपताच वाकते. स्वास्थ्यातून आलेली सरळ पाठ टिकते, कारण तिला बाहेरचा पहारा लागत नाही.

देहस्थिती ही केवळ व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून नसते, हेही विसरता कामा नये. याच समाजात काही बांधवांना पिढ्यानपिढ्या वरिष्ठ म्हणवणाऱ्यांसमोर मान झुकवून, अंग चोरून वावरावे लागले. ती देहस्थिती त्यांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. आत्मसन्मान सरळ उभे राहण्याने वाढतो हे खरे असेल, तर कोणालाही वाकायला लावणारी व्यवस्था त्याच्या मनावरच घाव घालते, हेही तितकेच खरे. दिवसभर वाकून भातलावणी किंवा ऊसतोडणी करणाऱ्याला ताठ बसण्याचा उपदेश करणे ही तर क्रूर थट्टा होईल. तीच गोष्ट नैराश्याच्या विकाराची. त्या रुग्णाचे झुकलेले खांदे हे त्याच्या आजाराचे लक्षण असते, आळसाचे नव्हे. त्याला वैद्यकीय उपचारांची आणि आप्तांच्या आधाराची गरज असते, खांदे वर करण्याच्या सल्ल्याची नव्हे.

तरीही जे आपल्या हातात आहे, ते थोडके नाही. एकाच मापाच्या बाकांवर उंच आणि ठेंगणी मुले सारखीच कोंबली जातात. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या उरलेल्या अभ्यासक्रमासाठी सहज उचलला जातो. घरी आल्यावर तीच मुले भ्रमणध्वनीवर मान मोडून तासन्‌तास बसतात आणि घरातील मोठी माणसेही त्याच अवस्थेत असल्यामुळे त्यांना टोकण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. उंचीनुसार बाके, रोजचा खेळ, थोडे सूर्यनमस्कार आणि जेवणाच्या वेळी बाजूला ठेवलेले भ्रमणध्वनी यांना कोणत्याही क्रांतिकारक शोधाची आवश्यकता नाही. त्यांनी चमत्कार होणार नाही. परंतु मुलांची पाठ सरळ राहील, श्वास मोकळा होईल आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलण्याची सवय लागेल. निर्भय नागरिक घडवण्याचा प्रारंभ इतक्या साध्या गोष्टीपासून होत असेल, तर तो उद्यावर ढकलण्याचे कारण नाही.