नव्या बॅटरीचे पहिले आठ तास

लग्नसराईच्या ऐन गर्दीत सांगलीकडील एका कापडाच्या पेढीवरचा मोबाइल बंद पडला. दुपारपर्यंत नवा आला. अण्णांनी तो हाती घेतला, बंद केला आणि गल्ल्याशेजारच्या चार्जरला लावून सांगितले, "पहिले आठ तास कोणी हात लावायचा नाही. नाहीतर बॅटरी जन्मभर अर्धीच भरेल." फोन ५२ टक्के भरलेलाच आहे, हे खोका उघडताना नातवाने पाहिले होते. इचलकरंजीहून मालाचे फोटो यायचे होते, गिऱ्हाइकांनी भरलेल्या पैशांचे संदेशही त्याच क्रमांकावर येत. पण घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द मोडण्याची रीत नव्हती. सायंकाळी फोन सुरू झाला, तेव्हा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने दोनदा विचारणा करून उत्तर न आल्यामुळे माल दुसऱ्या पेढीला दिलेला होता.

अण्णांनी सांगितले ते त्यांच्या मनचे नव्हते. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळातील अनेक हँडसेटमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत, आधी निकेल-कॅडमियमच्या आणि मागाहून निकेल-मेटल हायड्राइडच्या. २००० साली आलेला आणि घरोघर पोहोचलेला नोकिया ३३१० हा याच दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीवर चाले. निकेलची बॅटरी दुकानाच्या फळीवर पडून असतानाही आपोआप उतरते. तिच्यातील घट सारख्या प्रमाणात उतरत नाहीत, एक रिकामा होतो तर शेजारचा अर्धा भरलेला असतो. अशा बॅटरीला प्रथम संथपणे चौदा-सोळा तास चार्ज केले म्हणजे सगळे घट एका पातळीला येत, आणि दोन-तीन वेळा पूर्ण वापरून पूर्ण भरली की तिची खरी क्षमता हाती लागे. शिवाय निकेल-कॅडमियमची आणखी एक खोड होती. दररोज निम्म्यावर आल्यावर चार्ज करीत गेले, तर निम्म्याच्या पुढे तिचा दाब अकाली पडे, जणू तेवढाच वापर तिच्या लक्षात राहिला आहे. म्हणून ‘आधी पूर्ण उतरवा, मग भरा’ हा नियम झाला. त्या वेळी तो योग्यच होता.

पुढे बॅटरीच बदलली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली होती. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मध्ये हीच बॅटरी होती. हँडसेटचा आकार तोच, चार्जर तसाच, विकणारा दुकानदारही तोच. त्यामुळे आत काय बदलले हे गिऱ्हाइकाला कळण्याचे कारण नव्हते, आणि दुकानदार ‘आठ तास लावा’ असे पूर्वीप्रमाणेच सांगत राहिला.

लिथियमच्या बॅटरीलाही पहिल्या चार्जिंगचा संस्कार लागतो, परंतु तो कारखान्यातच होतो. नवा घट तेथे अगदी मंद गतीने भरला जातो. त्या वेळी आतील ग्रॅफाइटवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. बॅटरीचे पुढील सारे आयुष्य हा पापुद्रा कसा बसला यावर अवलंबून असते. त्यानंतर घट काही दिवस ठेवून तपासले जातात आणि नापास झालेले बाजूला काढले जातात. खोक्यातून निघालेला फोन साधारण अर्धा भरलेला असतो, तो साठवणीत बॅटरी टिकावी म्हणून. विकत घेणाऱ्याने करायचे असे काहीच उरलेले नसते.

मग आठ तासांत होते काय? फारसे काहीच नाही. घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचला की प्रवाह हळूहळू कमी केला जातो आणि बॅटरी भरल्यावर तोडला जातो. भरलेल्या कोठीत आणखी धान्य मावत नाही, तसेच हे आहे. उलट, पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवणे तिला मानवत नाही. वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या लिथियम बॅटरीची क्षमता २५ अंश तापमानात साधारण ८० टक्क्यांवर येते, ४० अंशांत ती ६५ च्या आसपास उतरते. आपल्याकडील मे महिन्याची दुपार आणि पत्र्याखालचे दुकान डोळ्यांसमोर आणले, तर हे आकडे परके वाटणार नाहीत.

पूर्ण उतरवण्याची सवय तर अधिक महाग पडते. लिथियमच्या बॅटरीला लक्षात ठेवण्याची ती जुनी खोड नाही. थोडी उतरली, थोडी भरली, हेच तिला मानवते. शून्यावर बंद झालेला फोन महिनोन्‌महिने कपाटात पडला, तर उरलेला दाबही ओसरतो आणि संरक्षक सर्किट तिला पुन्हा भरूच देत नाही. जास्तीचा फोन ठेवायचा असेल, तर निम्मा भरून थंड जागी ठेवावा. पेढीवरील इन्व्हर्टरचा दाखला येथे देऊ नये. ती शिसे-आम्लाची बॅटरी, तिला सदैव भरलेले राहणेच आवडते.

पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याला एकच प्रयोजन उरले आहे आणि हिशेब लिहिणाऱ्यांना ते सहज उमजेल. पडद्यावर दिसणारी टक्केवारी म्हणजे बॅटरीतील प्रत्यक्ष शिल्लक नव्हे, ती फोनने ठेवलेली नोंद आहे. किती प्रवाह आत आला आणि किती बाहेर गेला, यावरून फोन शिल्लक मांडतो. कालांतराने वही आणि रोकड यांत फरक पडतो. १५ टक्के दाखवत असताना फोन एकाएकी बंद होतो, किंवा ४० वरून थेट २० वर येतो. अशा वेळी एकदा पूर्ण उतरवून, न थांबता पूर्ण भरले की ताळमेळ पुन्हा जुळतो. यात दुरुस्ती नोंदीची होते, झिजलेली बॅटरी त्याने नवी होत नाही. ताळमेळ जुळवूनही फोन दुपारीच मान टाकू लागला, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. साधारणपणे ५०० वेळा पूर्ण भरण्याइतका वापर झाला की ही वेळ जवळ येते.

त्या पेढीवरचा जुना मोबाइल रात्री नातवाने ड्रॉवरमधून काढला. त्याची मागची बाजू फुगली होती, पडदा एका कडेने उचलला गेला होता. गेली दोन वर्षे तो इन्व्हर्टरच्या झाकणावर दिवसरात्र चार्जिंगला असे, आणि ‘सवय मोडू नये’ म्हणून दर रविवारी शून्यापर्यंत उतरवला जाई. नातू स्क्रू-ड्रायव्हर आणायला उठला, तेव्हा अण्णांनीच त्याचा हात धरला. फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली तर पेट घेऊ शकते, एवढे त्यांना ठाऊक होते. फोन पत्र्याच्या उघड्या डब्यात, कापडाच्या गठ्ठ्यांपासून दूर, मागच्या मोकळ्या अंगणात ठेवला गेला. सकाळी सर्व्हिस सेंटरवर तो परत घेतील का, असे अण्णांनी विचारले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, असे नातवाने सांगितले. अण्णांनी मान डोलावली आणि नवा फोन इन्व्हर्टरवरून उचलून लाकडी फळीवर ठेवला.