एक पाय त्याचा, दोन तुमचे

मोबाइलच्या जमान्यात मीडियम फॉरमॅट कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांची जमातच वेगळी. १२० च्या रोलवर सहा बाय सहाचे मोजून १२ फोटो! रोल आणि डेव्हलपिंगचा खर्च ऐकून मित्र कपाळाला हात लावतात, तरी आम्ही काही सुधारत नाही. तुम्हीही यातलेच असाल आणि या वीकएंडला रत्नागिरी गाठणार असाल, तर ट्रायपॉड घरीच राहू दे. मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात तीन पाय पसरायला जागा देणार कोण? मोनोपॉड घ्या, हलकाच घ्या. पण कुठला?

आधी गरज का पडते ते बघू. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातला उक्षीचा हत्ती घ्या. जांभ्यात कोरलेल्या त्याच्या रेषा भर दुपारी सपाट दिसतात. ऊन तिरपं झालं की झकास उठून येतात. पण तेव्हा उजेड उतरलेला असतो. त्यात मीडियम फॉरमॅटची डेप्थ ऑफ फील्ड मुळातच कमी. सोंडेपासून शेपटीपर्यंत सगळं शार्प हवं, तर एफ/१६ वर जावंच लागतं. आयएसओ १०० ची फिल्म असेल तर शटर येतं १/१५ च्या आसपास. ८० एमएमची लेन्स हातात धरून १/१२५ च्या खाली जाऊ नये, हा साधा हिशोब. म्हणजे तीन स्टॉपचा खड्डा. दोन स्टॉप मोनोपॉड भरून काढतो, तिसरा तुमच्या श्वासावर!

आता खरेदी. दुकानात उंचीचं कौतुक फार होतं. तिकडे लक्ष देण्याआधी आपण कॅमेऱ्यात बघतो कुठून, ते आठवा. हॅसलब्लाड ५०० सी/एम किंवा याशिका मॅटमध्ये मान खाली घालून वरून बघायचं असतं. म्हणजे मोनोपॉड छातीपर्यंत आला तरी पुरे. खालच्या बारीक नळ्या उघडायच्याच नाहीत, आणि थरथर असते ती नेमकी त्यांच्यातच. म्हणून अशा कॅमेऱ्याला हलका मोनोपॉडही मस्त चालतो. शिवाय फ्रेम चौकोनी, कॅमेरा आडवा-उभा करायची भानगड नाही. हेड नकोच, तेवढं वजन वाचलं.

पेंटॅक्स ६७ सारखा डोळ्याला लावायचा, आरसा दणकून उडवणारा कॅमेरा असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे मोनोपॉड पूर्ण उघडा, कॅमेरा लावा आणि वरून हलकेच दाबा. नळी वाकतेय असं वाटलं तर ठेवून द्या परत. सेक्शन जितके कमी, तितकं बरं.

कार्बन की अॅल्युमिनियम? एका पायात फरक पडतो शे-दोनशे ग्रॅमचा. रत्नदुर्गाच्या पायऱ्या चढताना तो जाणवेल, पण खिशाला कार्बनचा फरक जास्त जाणवतो. बजेट टाइट असेल तर अॅल्युमिनियम घ्या, उरलेल्या पैशांत रोल येतील. लॉक फ्लिपचे असले तर भाट्याच्या वाळूत बरे, कण अडकला तर दिसतो तरी. फिरवायच्या लॉकमध्ये तो आत जाऊन करकरत बसतो. दोन्ही प्रकार घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसायचेच, खारी हवा स्क्रू सोडत नाही.

शेवटी टोक बघा. खिळा नको, रुंद रबरी बूट हवा. जांभा खडबडीत असतो, त्यावर रबर नीट बसतं. आणि उक्षीला आपण उभे असतो ते हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेल्या चित्राशेजारी. रोल वाया गेला तर दुसरा घालता येतो, झिजलेली रेघ पुन्हा कोरता येत नाही. तेव्हा दोन पाय तुमचे आणि एक त्याचा, तिन्ही रेषेच्या बाहेर!